'पडणे' आणि 'पाडणे' : किनाऱ्यावरील एका वादाचे व्याकरण

राजोडीच्या किनाऱ्यावरील सुरूच्या झाडांविषयी दोन विधाने संभवतात : 'झाडे पडली' आणि 'झाडे पाडली'. या क्रियापदांत एका स्वराच्या लांबीचे अंतर आहे. मात्र पर्यावरणविषयक सार्वजनिक वाद जवळजवळ सगळा त्या अंतरातच वावरतो. वाळू सरकून सुरू उन्मळतो तेव्हा कोणाच्याही हातात कुऱ्हाड नसते. म्हणून एक पक्ष 'पडली' म्हणतो व भरतीकडे बोट दाखवतो. दुसरा पक्ष वाळूच्या उपशाकडे पाहून 'पाडली' म्हणतो. दोघे एकच दृश्य पाहत असतात. वाद वस्तुस्थितीविषयी कमी आणि कर्त्याविषयी अधिक आहे.

वसईला कर्ता शोधण्याची सवय जुनी आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. 1990 साली वसई-विरारच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले आणि संघर्ष तीव्र झाला. त्या चळवळीच्या भाषेत विहिरी 'खाऱ्या झाल्या' नव्हत्या, त्या 'खाऱ्या केल्या' होत्या. टँकरने पाणी उपसणारा, बागायतीवर इमारत उठवणारा व त्यांना पाठीशी घालणारा असे कर्ते त्या संहितेत स्पष्ट उभे होते. तिचे नैतिक बळ या सकर्मकतेत होते. तिची मर्यादाही तिथेच होती, कारण अंगणात न दिसणारा कर्ता या व्याकरणात बसत नव्हता.

जुलै 2018 च्या पुराने ही मर्यादा उघडी पाडली. पाणी 'तुंबले' की 'तुंबवले'? अतिवृष्टीचा दाखला देणाऱ्यांना पहिले रूप पुरेसे होते. नाले आणि मिठागरे यांवरील भराव दाखवणाऱ्यांना दुसरे हवे होते. येथे एक विपरीत गोष्ट घडते. हवामानबदल ही वस्तुतः मानवी कृतीची कबुली. पण स्थानिक वादात ती स्थानिक कृतीच्या इन्काराला उपयोगी पडते. पाऊसच बदलला, तर नाला कोणी बुजवला हा प्रश्न मागे पडतो. पाऊसही बदलला आणि नालाही बुजवला, या संयुक्त वाक्याला मात्र दोन्ही पक्षांत फारसे वक्ते मिळत नाहीत.

जागतिक पातळीवर क्रियापदाचा निर्णय लागून गेला आहे. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने 1995 च्या अहवालात मानवी प्रभावाचा निर्वाळा सावधपणे दिला. 2021 च्या अहवालात त्याविषयी संदेह उरला नाही. पृथ्वी तापली नाही, तापवली गेली. तरीही मराठीने स्वीकारलेला 'तापमानवाढ' हा समास अजून अकर्तृक आहे. 'भाववाढ' म्हणावी तितक्याच निर्विकारपणे तो उच्चारता येतो.

पण कर्ता परत आणला की अडचण संपते असे नाही. 'आपण पृथ्वी तापवली' या वाक्यातील 'आपण' हे सर्वनाम ऐकणाऱ्यालाही गुन्ह्यात ओढते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे, आणि केळी पिकवणारा वसईचा बागायतदार किंवा किनाऱ्यावरचा मच्छीमार त्या 'आपण'मध्ये किती बसतो, हा प्रश्न इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक टोकदारपणे विचारता येतो. पर्यावरणविषयक मराठी गद्यात हे सर्वनाम ज्या उदारपणे वापरले जाते, तो उदारपणा संशयास्पद मानला पाहिजे. 'मानव' हा शब्द तर त्याहून सोयीचा. त्याला सात-बारा नसतो.

अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (2016) मध्ये वास्तववादी कादंबरीला दोषी धरले ते असंभाव्य घटना हद्दपार केल्याबद्दल. वसईपुरते हे निदान अपुरे वाटते. तुंबलेले पाणी आणि खचलेली वाळू येथे असंभाव्य नाहीत. त्या पावसाळ्याच्या सवयीच्या घटना झाल्या आहेत. कथनाला अडथळा संभाव्यतेचा नाही. गावातला कर्ता आणि दूरचा, विखुरलेला कर्ता यांना एकाच वाक्यात कसे आणावे, हा तो अडथळा आहे. ग्रामीण कादंबरीचा सावकार वा पुढारी त्या कामाला पुरणार नाही.

सरकारी भाषेने आपल्यापुरता मार्ग काढला आहे : 'धूपप्रतिबंधक बंधारा'. त्यात धूप आहे, प्रतिबंधही आहे. धूप घडवणारा नाही. 'धुपणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप किनाऱ्याच्या संदर्भात मराठीत रूढही नाही. त्यामुळे ज्याला ते म्हणायचे असते, त्याला 'उपसणे' या दुसऱ्या क्रियापदाकडे जावे लागते, आणि तेथे वाद पुन्हा वाळूपाशीच येऊन थांबतो, समुद्रापर्यंत पोहोचत नाही.