मो आमेरच्या खिशातली बाटली

'एअरलिफ्ट' पहिल्यांदा बघितला तेव्हा शेवटी माझे डोळे भरून आले होते. १९९० साली इराकने कुवेत घेतलं आणि तिथल्या एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना मायदेशी आणलं गेलं, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. त्याच कुवेतमध्ये तेव्हा सुमारे चार लाख पॅलेस्टिनी राहत होते, हे मात्र मला एका स्टँडअप कॉमेडियनमुळे कळलं. त्यांच्यासाठी कुणाचं विमान येणार नव्हतं. विमान पाठवायला आधी देश लागतो.

तो कॉमेडियन म्हणजे मो आमेर. जन्म १९८१, कुवेत. घराणं मूळचं नाब्लुसजवळच्या बुरीन गावचं. युद्धामुळे कुटुंब पांगलं आणि नऊ वर्षांचा मो टेक्ससमधल्या ह्यूस्टनला पोचला. चौदाव्या वर्षी वडील गेले. अमेरिकेचं नागरिकत्व मिळायला २००९ उजाडलं. मधली जवळजवळ वीस वर्षं हा माणूस बिनदेशी होता आणि पासपोर्टशिवाय, निर्वासिताच्या कागदावर, परदेशांत विनोदाचे कार्यक्रम करत होता.

नेटफ्लिक्सवरचा त्याचा 'द व्हॅगाबॉन्ड' (२०१८) याच अनुभवावर उभा आहे. मी खूप हसलो. पण काहीतरी निसटत होतं, आणि ते काय हे कळायला मला 'मो' ही मालिका बघावी लागली. स्टेजवरच्या माणसाला पासपोर्ट मिळालेला आहे. विमानतळावरचा अधिकारी त्याच्याकडे कितीही संशयाने बघत असो, शेवट गोड झालाय हे आपल्याला माहीत असतं. पंचलाइन आली की प्रसंग संपतो. निर्वासिताचं वाट पाहणं मात्र असं मिनिटभरात संपत नाही.

रामी युसेफबरोबर त्याने 'मो' (२०२२) रचली, तेव्हा नायकाकडून हा पासपोर्ट काढून घेतला. मो नज्जारच्या कुटुंबाचा आश्रयाचा अर्ज वीसेक वर्षं लोंबकळतोय. कागद नाहीत म्हणून मोबाइलच्या दुकानातली नोकरी जाते. मग तो गाडीच्या डिकीतून नकली ब्रँडेड माल विकतो. विनोद तोच, माणूसही जवळपास तोच, पण आता प्रत्येक हशाखाली भीती आहे. मला मालिका स्टँडअपपेक्षा मोठी वाटते ती यासाठी.

पहिल्याच भागात सुपरमार्केटमध्ये एक बाई त्याला चॉकलेट हम्मस चाखायला देते आणि हा भडकतो. मी फिस्सकन हसलो. थोड्याच वेळात तिथे गोळीबार होतो. मो खिशात ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन हिंडतो, ते बघूनही आधी हसूच येतं. मग लक्षात येतं, याला दाखवायला सातबारा नाही. गावाचा एवढाच पुरावा त्याच्या हातात आहे. आई युसरा झालेली फराह ब्सेसो तर काही न बोलता अख्खं घर सांभाळते. तिच्यासमोर मोची बडबड कशासाठी आहे, हे आपोआप कळतं.

सगळंच जमलंय असं नाही. पहिल्या सीझनमधली झाडांची चोरी आणि गुंडांचा पाठलाग मला ओढूनताणून वाटला. घरातलं आणि कोर्टातलं नाट्य पुरेसं असताना थरार कशाला हवा? मालिकेचा स्वतःच्याच गोष्टीवरचा विश्वास तिथे कमी पडतो.

दुसऱ्या सीझनमध्ये (२०२५) तो विश्वास परत येतो. शेवटच्या भागात कुटुंब बुरीनला जातं. नातेवाईक, जेवण, ऑलिव्हची झाडं, आणि पावलोपावली तपासणी. मालिका थांबते ६ ऑक्टोबर २०२३ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी काय झालं, ते आपण आपल्या फोनवर बघितलं आहे. मो ते दाखवत नाही. काहींना ही पळवाट वाटेल. मला तो त्याचा सर्वांत धीट निर्णय वाटला. ७ तारखेपासून सुरू होणाऱ्या बातमीत ही माणसं आकडे झाली असती. त्याने ती जेवणाच्या ताटाभोवती बसलेली दाखवून ठेवली.

परवा 'एअरलिफ्ट' पुन्हा लावला. शेवटी डोळे पुन्हा भरले. पण या वेळी विमानात चढणाऱ्यांबरोबर मागे राहिलेलेही मला आठवत होते.