सावळ्या नायिकेने किती सोसावे?

दूरचित्रवाणीच्या मालिकांकडे गांभीर्याने पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. समीक्षक त्यांना बायकांची करमणूक म्हणून सोडून देतात. वस्तुतः जिथे कादंबरी कधी पोहोचत नाही, त्या घरात मालिका रोज पोहोचते. आमच्या परभणीत उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलीही घरी मराठी मालिका पाहतात. म्हणून सावळ्या स्त्रीचे तिथले चित्र तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ ते २०२३ या काळात 'रंग माझा वेगळा' ही मालिका चालली. तिचे मूळ 'करुतमुत्तु' या मल्याळम मालिकेत आहे. नायिका दीपा सावळी, तर सासू सौंदर्या काळ्या रंगाचा उघड तिरस्कार करणारी. घराघरांत दबक्या आवाजात बोलले जाणारे या मालिकेने मोठ्याने बोलून दाखवले, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

परंतु दोन गोष्टी खटकतात. दीपाची भूमिका करणाऱ्या रेश्मा शिंदे यांचा रंग मेकअपने गडद केलेला होता. त्यांनी काम मनापासून केले. दोष त्यांचा नाही. पण सावळ्या मुलीची कथा सांगतानाही सावळी अभिनेत्री नको, असा याचा अर्थ होतो. झी टीव्हीच्या 'सात फेरे' (२००५) या हिंदी मालिकेत राजश्री ठाकूर यांनी सलोनी उभी केली होती. चौदा वर्षांनंतर आपण पुढे जायला हवे होते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. दीपा काय किंवा सलोनी काय, दोघीही कमालीच्या गुणी आणि सोशिक. रंग म्हणजे जणू कर्ज, आणि ते सद्गुणांनी फेडायचे! दीपाच्या चारित्र्यावर नवरा संशय घेतो. ती स्वाभिमानाने दूर होते, हे खरे. तरी कथेचा सारा ओढा त्याचा संशय कधी फिटतो इकडेच राहतो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी हे पूर्वीच भोगले आहे. हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड'साठी १९४० मध्ये ऑस्कर मिळाले, तेही मालकिणीच्या घरासाठी झिजणाऱ्या दासीच्या भूमिकेबद्दल. १९५० च्या 'ब्यूला' मालिकेची नायिकाही मोलकरीणच. दुसरा साचा नवऱ्यावर सतत डाफरणाऱ्या बाईचा. सोसणारी किंवा भांडखोर, तिसरी कोणी नाही. पुढे २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर'मध्ये व्हायोला डेव्हिस यांनी हुशार, पण खोटे बोलणारी, चुकणारी वकील रंगवली. एका प्रसंगात ती आरशासमोर विग काढते, मेकअप पुसते. नाट्यमालिकेतील प्रमुख भूमिकेचा एमी पुरस्कार २०१५ मध्ये त्यांना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री. तिकडे मेकअप पुसून बाई दिसली, आपल्याकडे मेकअप थापून सावळी बाई तयार केली.

आता थोडे आपल्या घरात पाहू. हजरत बिलालचे नाव आपण आदराने घेतो. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, याचा आपल्याला मराठवाड्यात अभिमान आहे. आणि रिश्ता बघायला गेलो, की पहिला सवाल असतो, "लडकी का रंग साफ है ना?" मुरूड-जंजिऱ्याकडच्या सिद्दी घरातील बाई तर कोणत्याही मालिकेची नायिका झालेली आमच्या पाहण्यात नाही. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. नाव बदलणे सोपे असते.

वर्गातल्या सावळ्या मुलीला या मालिका एकच सबक देतात: गोरी नाहीस, तर निदान चांगली तरी अस. गोऱ्या मुलीला ही अट नाही. तिने हट्ट केला, चूक केली, तरी तिची नायिकापदाची जागा जात नाही. समानतेची खरी कसोटी आम्हाला इथे दिसते. आपल्या मुस्लिम मराठी लेखिकांनी कथा लिहिताना एखादी सावळी शबाना किंवा रुखसाना अशी आणावी, जी आळशी असेल, रागीट असेल, स्वतःच्या मर्जीने रिश्ता नाकारेल. आणि पूर्ण कथेत तिच्या रंगाबद्दल कोणाला सफाई देणार नाही.