निनवेचे दोन प्रश्न

बायबलातला योना म्हटला की आपल्याला माशाच्या पोटातला माणूस आठवतो. मीही बरीच वर्षे वर्गात तेवढाच योना सांगत आलो. मुलांना मासा आवडतो, घंटा होते, गोष्ट संपते. परंतु मासा योनाला किनाऱ्यावर टाकतो तेथे पुस्तक संपत नाही; खरे म्हणजे तेथून ते सुरू होते.

अवघे 4 अध्याय. देव योनाला निनवे नगरीत जाण्यास सांगतो आणि हा गृहस्थ उलट दिशेच्या गलबतात जाऊन बसतो. भीतीने, असे आपण समजतो. पण चौथ्या अध्यायात तो स्वतःच कारण सांगतो. देव दयाळू आहे, तो या दुष्टांना क्षमा करील, हे ठाऊक होते म्हणून तो पळाला! आणि घडतेही तसेच. 40 दिवसांत नगरी उलथेल असे तो बजावतो, राजा राखेत बसतो, गुरांनासुद्धा उपास घडतो, आणि देव शिक्षा मागे घेतो. योना मात्र रुसून वेशीबाहेर बसतो.

त्या रुसव्याला हसण्यापूर्वी निनवे कोणाची, हे ध्यानात घ्यावे. ती अश्शूरांची. त्यांनी इ. स. पूर्व 722 च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडवले, माणसे देशोधडीला लावली. योना त्याआधीचा, परंतु ही गोष्ट नंतर बऱ्याच काळाने लिहिली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ती ऐकणाऱ्यांच्या मनात तो घाव होताच.

याच नगरीवर बायबलात आणखी एक छोटे पुस्तक आहे, नहूमाचे. निनवे इ. स. पूर्व 612 मध्ये पडली; तिच्या नाशाचा आनंद त्यात आहे. नवल असे की दोन्ही पुस्तके प्रश्नावर संपतात. हिच्या क्रौर्यातून सुटला असा कोण आहे, असे नहूम विचारतो. योनाला देव विचारतो, की तुला एका वाळल्या वेलीची हळहळ वाटते, तर 1,20,000 हून अधिक अजाण माणसांची आणि मुक्या जनावरांची मला वाटू नये काय? निर्गमाच्या 34 व्या अध्यायात देव मोशेला आपली ओळख देतो, तीत दया आणि दोषीला मोकळे न सोडणे ही दोन्ही एका श्वासात आहेत. योनाच्या तोंडी दया येते, तीही तक्रार म्हणून. नहूम न्यायावर भर देतो.

माझ्या एका कादंबरीच्या शेवटी मी खलपुरुषाला पश्चात्ताप करायला लावला आणि समाधानाने निजलो. एका वाचक बाईंचे पत्र आले: त्याने जिला रस्त्यावर आणले, तिला आपण विसरलात. योनाच्या पुस्तकातही निनवेने नाडलेले एकही माणूस दिसत नाही. एकटे वाचले तर ते पुस्तक मला अपुरे वाटते. पण ते एकटे ठेवलेले नाही. ज्यांनी ही पुस्तके एकत्र बांधली त्यांनी मध्ये फक्त मीखा ठेवून नहूमही राखला. क्षमेची गोष्ट सांगताना घाव सोसणाऱ्यांची साक्ष त्यांनी फाडून टाकली नाही.

योनाने काय उत्तर दिले, ते पुस्तक सांगत नाही. ज्यू लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी ते मुद्दाम वाचतात. म्हणजे त्या दिवशी प्रत्येकजण निनवेकरच. सुट्टीत बायबल हाती आले तर ही दोन्ही पुस्तके एका बैठकीत वाचावीत. तासाभराचेही काम नाही. त्या बाईंना मी एवढेच कळवले, की दुसऱ्या आवृत्तीत त्या मुलीला बोलू देईन. तिने क्षमा करावी की नाही, हे मी ठरवणार नाही.