आवाज एकीचा, पाय दुसरीचे

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशची देवी कानबाई बसते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून कापडाच्या कारखान्यांत कामाला आलेल्या खानदेशी कुटुंबांनी तिला इथे सोबत आणले. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत आता डीजे असतो, त्यावर अहिराणी गाणी. पोरी नाचतात, सासवाही नाचतात. गात मात्र कोणीच नाही.

अहिराणी गाण्याला एवढा श्रोता पूर्वी कधी नव्हता. ‘हाई झुमकावाली पोर’ तर अहिराणी न कळणाऱ्यांनीही डोक्यावर घेतले. बोलीची लाज वाटणाऱ्या पिढीला या गाण्यांनी ताठ मानेने बोलायला लावले, हे यश मी कमी लेखणार नाही. पण व्हिडिओत गळा एकीचा आणि पडद्यावर ओठ हलवत नाचणारी दुसरी. एकच बाई गाते आणि नाचते, ही गोष्टच नाहीशी होत चालली आहे.

तमाशात अशा बायका होत्या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर म्हटले की लोक बाळंतपणाची कथा सांगतात: प्रयोग चालू असताना कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. त्यांच्या गळ्याबद्दल कोणी बोलत नाही. ढोलकीच्या तोडीस तोड पाय चालत असताना सूर जागचा हलू न देणे ही केवढी विद्या! या विद्येला दोनदा राष्ट्रपती पदक मिळाले. 2002 साली विठाबाई गेल्या त्या मात्र हलाखीतच.

कांताबाई सातारकरांचा जन्म तर गुजरातचाच. 1939 साली, खाणीवर राबणाऱ्या मजूर आईबापांच्या पोटी. पुढे तुकाराम खेडकरांच्या फडात त्या गायल्या, नाचल्या, वगात शिवाजीही झाल्या. खेडकरांच्या पश्चात स्वतःचा फड उभा करून चालवला. सुरतेतल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत लावणी असतेच, पण या गुजरातच्या लेकीचे नाव मी तिथे एकदाही ऐकलेले नाही.

स्पेनची लोला फ्लोरेस (1923–1995) अशीच गाणारी-नाचणारी. तिथल्या फ्लामेंको या नाच-गाण्यातही गाणारा आणि नाचणारा सहसा वेगळे असतात. तिने दोन्ही अंगावर घेतले. तिच्या हेरेस गावात आज तिचा पुतळा आहे. आपल्याकडे विठाबाईंच्या नावाने सरकारी पुरस्कार आहे. तो द्यायला अशी बाई पुढे कुठून आणायची, एवढाच प्रश्न.

दोष मी डीजेवाल्याला देत नाही. सुपारी देणाऱ्यालाच ध्वनिमुद्रित गाणे स्वस्त पडते. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला अशा चार पोटांना पोसण्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा.

कानबाईच्या रात्री जागरणाला गाणाऱ्या म्हाताऱ्या सुरतेत अजून आहेत. पुढच्या श्रावणात डीजे तासभर बंद ठेवा, त्यांना ओट्यावर बसवा, आणि घरातल्या पोरींना त्यांच्यामागे सूर धरायला सांगा. पाय पोरींचे आधीच तयार आहेत.