चार ओळी, चार पाने

१९९४ साली हॉलिवूडच्या न्यू लाइन सिनेमाने पटकथांचे दोन मोठे सौदे केले. शेन ब्लॅकची ‘द लाँग किस गुडनाइट’ लिहून तयार होती. तिला ४० लाख डॉलर मिळाले. जो एस्टरहाझची ‘वन नाइट स्टँड’ अजून लिहायचीच होती. चार पानांचे टिपण तेवढे होते आणि त्याच्या जोरावर ४० लाखांच्याच घरातला आकडा ठरला. १९९७ साली तो चित्रपट आला, तेव्हा लेखक म्हणून नाव होते दिग्दर्शक माइक फिगिसचे. त्याने सारे नव्याने लिहिले होते आणि एस्टरहाझने आपले नाव काढून घेतले होते.

त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत सलीम-जावेद चार ओळींची एक कल्पना निर्मात्यांना ऐकवत फिरत होते. मनमोहन देसाई आणि प्रकाश मेहरांना ती रुचली नाही. सिप्पी पितापुत्रांनी घेतली. मग दिग्दर्शक रमेश सिप्पींसह दोघे लेखक खोलीत बसले आणि चार ओळींतून ‘शोले’तले ठाकूर, गब्बर, बसंती, अगदी तीन-चार प्रसंगांपुरता येणारा सूरमा भोपालीही उभा राहिला.

दोन्हीकडे विकली गेली ती नुसती कल्पना. रकमांची तुलना करण्यात अर्थ नाही. विचारायचे ते एवढेच, की विक्रीनंतर लेखक कुठे होता? पटकथांच्या विक्रमी किमतींचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात वाचला, तर तो लेखकाच्या भरभराटीचा राहत नाही.

या इतिहासाचा पहिला ठळक आकडा १९६७ चा. विल्यम गोल्डमनच्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’साठी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ४ लाख डॉलर मोजले. तेव्हा ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पण त्या पटकथेत खरेच काहीतरी नवे होते. वेस्टर्न चित्रपटाचा नायक पाठ दाखवत नाही, असा दंडक असताना गोल्डमनचे दोघे नायक पळतात आणि थेट बोलिव्हियाला पोचतात. मरण समोर दिसत असताना एकमेकांची टर उडवतात. या माणसांच्या मागावर गोल्डमन कित्येक वर्षे होता. ती मुरलेली माहिती संवादांत कुठे बोजड होत नाही. ऑस्कर मिळाले ते ठीकच, पण ती पटकथा आजही शिकवली जाते, हा मोठा मान.

खरा बाजार भरला १९९० च्या सुमारास. कुणी मागितली नसताना, आगाऊ दमडी न घेता, स्वतःच्या हिमतीवर लिहिलेल्या पटकथेला तिकडे ‘स्पेक’ म्हणतात. १९८८ च्या लेखक-संपात अनेकांनी अशा पटकथा लिहून ठेवल्या होत्या. व्हिडिओ कॅसेटच्या धंद्यामुळे स्टुडिओंच्या हाती पैसा खुळखुळत होता. दलालांनी लिलावाचे तंत्र बसवले. एकच पटकथा एकाच वेळी सगळ्या स्टुडिओंकडे धाडायची, उत्तराला दोन-तीन दिवसांचीच मुदत द्यायची आणि शेजारचा घेईल या भीतीवर भाव चढवायचा. १९९० मध्ये ब्लॅकच्या ‘द लास्ट बॉय स्काउट’ला साडेसतरा लाख डॉलर मिळाले आणि त्याच वर्षी एस्टरहाझच्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ला ३० लाख. वर्तमानपत्रांत छापून येणारे आकडे मात्र जरा जपूनच वाचावेत. पुष्कळ सौद्यांत दोन रकमा असतात. एक सहीबरोबर हातात पडते आणि दुसरी, मोठी, चित्रपट बनला तरच. मथळ्यात बहुधा मोठीच असते.

या लिलावाने लेखनाचा पोत बदलला. पटकथा मुळात कामाचा कागद. दिग्दर्शक, छायालेखक, कलाकार यांच्यासाठीचा. आता तिचा पहिला आणि निर्णायक वाचक झाला तो शनिवार-रविवारी गठ्ठे उपसणारा स्टुडिओतला थकलेला नोकरदार. त्याने पान उलटले पाहिजे, म्हणून वर्णनेच अभिनय करू लागली. ‘लीथल वेपन’च्या पटकथेत एका घराचे वर्णन करता करता ब्लॅक वाचकाला डोळा मारतो, की हा चित्रपट चालला तर मी घेईन तसले हे घर आहे. ब्लॅकच्या हातात ही लकब झकास होती, कारण तिच्याखाली जखमी माणसे होती. नक्कल करणाऱ्यांनी डोळा मारणे तेवढे उचलले. एका वाक्यात सांगता येईल अशी कल्पना, दहाव्या पानाला धक्का, शेवटी उलटापालट असा साचा ठरला. वाचताना चटकदार आणि चित्रित करायला गेले की पोकळ, अशा पटकथांचे पीक आले. विकत घेतलेल्यांपैकी बऱ्याच कधी पडद्यावर आल्याच नाहीत.

ज्या आल्या, त्यांचा हिशेब बोलका आहे. ‘बेसिक इन्स्टिंक्ट’च्या वेळी दिग्दर्शक पॉल व्हरहोवनशी खटके उडाले आणि एस्टरहाझ बाहेर पडला. व्हरहोवनने दुसऱ्या लेखकाला घेऊन बदल करून पाहिले आणि अखेर जवळजवळ मूळ मसुद्यावरच आला. माणूस गेला, लेखन टिकले. चित्रपटाने जगभरात ३५ कोटी डॉलरहून अधिक कमावले. ‘लाँग किस गुडनाइट’ने मात्र अमेरिकेत निर्मितीखर्चही भरून काढला नाही आणि ब्लॅक पुढची कित्येक वर्षे जवळपास दिसेनासा झाला. ‘देजा व्हू’ या टेरी रॉसिओ आणि बिल मार्सिली यांच्या पटकथेने ५० लाखांचा विक्रम केला. २००६ मध्ये चित्रपट आला, चालला, पण त्यावर रॉसिओच नाराज होता.

याच यादीतली दोन उदाहरणे वेगळी निघतात. ‘पॅनिक रूम’च्या पटकथेचेही ४० लाख डॉलर डेव्हिड केपला मिळाले, पण तो निर्मात्यांपैकी एक म्हणून चित्रपटासोबत राहिला. मनोज नाइट श्यामलनने ‘द सिक्स्थ सेन्स’ची पटकथा विकताना दिग्दर्शन आपल्याकडे ठेवले. दोन्ही चित्रपटांत जागा मोजकी आणि माणसे थोडी आहेत. प्रत्येक दार, प्रत्येक पायरी लिहिताना कुणीतरी डोळ्यांनी पाहिली होती, हे पडद्यावर जाणवते.

मराठी वाचकाला यातला पेच समजायला नाटकाकडे पाहावे. आपल्याकडे नाटककाराला प्रयोगामागे मानधन मिळते आणि संहिता त्याची राहते. हॉलिवूडच्या सौद्यात पटकथेसोबत तिचा मालकी हक्कही जातो. खरेदीखत झाले की घर पाडायचे की रंगवायचे, हे नवा मालक ठरवतो. म्हणजे विक्रमी किमतीत लेखकाच्या निघून जाण्याची किंमतही धरलेली असते.

सलीम-जावेद हे ओळखून होते. ‘जंजीर’च्या वेळी, १९७३ मध्ये, मुंबईतल्या पोस्टरांवर त्यांनी रंगाऱ्याकरवी स्वतःची नावे उमटवून घेतली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘दोस्ताना’साठी त्यांनी अमिताभपेक्षा जास्त मानधन घेतल्याचे चित्रपटसृष्टीत आजही सांगितले जाते. पण पैसा आणि नाव यांच्या आधी त्यांनी तिसरी गोष्ट मिळवली होती. सेटवर ऐन वेळी प्रसंग लिहून देण्याच्या काळात ते बांधीव संहिता घेऊन येत आणि तिच्यात कुणी हात घालू नये, एवढा दबदबा राखून असत. जोडी फुटली आणि तो दबदबा धंद्याची रीत न बनता दोघांची आख्यायिका होऊन राहिला. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकांना रॉयल्टीचा हक्क दिला, जो लिहून देऊनही जात नाही. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झगडले. पण चित्रपटगृहातल्या खेळांना तो हक्क लागू नाही. तिकीटबारीवर लेखक अजून पाहुणाच आहे.

हॉलिवूडचा लिलाव ओसरून आता बरीच वर्षे झाली. स्टुडिओंना कॉमिक्स, खेळणी, जुने यशस्वी चित्रपट अशी आधीच ओळखीची मालमत्ता हवी असते. अनोळखी कल्पनेवर पैसे लावायला कुणी धजत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतले लेखक १४८ दिवस संपावर गेले, तेव्हा मागण्या कशा होत्या पाहा. मालिकेच्या कामावर किमान इतके लेखक ठेवा. पुन्हा पुन्हा दाखवता त्याचा वाटा द्या. यंत्राने लिहिलेले आमच्या माथी मारू नका. ४० लाखांची गोष्ट कुणी काढली नाही. त्यांना खोलीत खुर्ची हवी होती.

एस्टरहाझच्या चार पानांना जे ४० लाखांत मिळाले नाही, ते सलीम-जावेदच्या चार ओळींना मिळाले होते: लिहिणाऱ्यांनीच शेवटपर्यंत लिहिण्याची सवड. पुढचा विक्रम कुठे झाला, तर आकड्याआधी मी श्रेयनामावली पाहीन.