नस, शीर आणि चेता : कुष्ठरोगविषयक मराठी लेखनाची एक मर्यादा

परिघीय चेतासंस्थेचा परिचय पाठ्यपुस्तकांतून प्रामुख्याने वर्गीकरणाने होतो. मेंदूशी निगडित चेतांच्या १२ जोड्या, मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१. संवेदी चेता वार्ता आत आणतात, प्रेरक चेता आज्ञा स्नायूंपर्यंत नेतात, स्वायत्त चेता घामासारख्या क्रियांचे नियमन करतात. ही मांडणी बिनचूक आहे. परंतु या तिन्ही कार्यांवर एकाच वेळी आघात करणारा कुष्ठरोग त्या प्रकरणात सहसा भेटत नाही.

वऱ्हाडच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन उभारले. अशा कार्यावरील मराठी लेखनाने रुग्णाची उपेक्षा आणि पुनर्वसन यांचे दर्शन समर्थपणे घडविले. रोगाचे स्थान मात्र बहुतांशी त्वचेवरच राहिले. जनजागृतीचे साहित्यही प्रायः 'फिकट, बधिर चट्टा' येथेच थांबते.

याचे एक कारण भाषेत आहे. 'रक्तपिती' हा शब्द रोग रक्तात नेऊन ठेवतो, 'महारोग' केवळ भय सुचवितो. बोलीत 'नस' आणि 'शीर' हे शब्द रक्तवाहिनी व चेता या दोहोंसाठी चालतात. पाठ्यपुस्तकातील 'चेता' आणि विश्वकोशातील 'तंत्रिका' बोलीपर्यंत पोहोचत नाहीत. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला जंतू त्वचेलगतच्या, तुलनेने थंड भागांतील चेतांत वस्ती करतो, हे त्यामुळे अनुच्चारित राहते.

परिणाम प्रत्यक्ष आहे. शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत राबणाऱ्या एखाद्या मजुराची कोपरामागील चेता बाधित झाली, तर करंगळी व अनामिका वाकू लागतात, रुतलेला काटा कळत नाही आणि घाम थांबून तळहात भेगाळतो. बोटे रोगाने 'झडत' नाहीत. न जाणवलेल्या जखमा चिघळून ती आखडतात. बहुविध औषधोपचाराने जंतू नष्ट होतात. दीर्घकाळ निकामी राहिलेली चेता मात्र पूर्ववत होत नाही. २००५ अखेर राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्यानंतरही नवे रुग्ण आढळतच आहेत.

सारांश, चट्ट्याबरोबरच 'कोपरामागची नस दुखते काय, हाताला मुंग्या येतात काय' हे प्रश्न आपल्या लेखनाने व अध्यापनाने विचारले पाहिजेत. करुणेला शरीररचनेच्या ज्ञानाची जोड मिळाली, तरच ती वेळेवर पोहोचेल.