पपायरसांवरील आद्य ख्रिस्ती शालेय लेखन : ओळखीच्या कसोट्या

ईजिप्तच्या वाळूत सापडलेला एखादा ग्रीक पपायरस ‘ख्रिस्ती शालेय लेखन’ म्हणून नोंदविला जातो, तेव्हा वस्तुतः दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच शब्दप्रयोगात दिली जातात. पहिला प्रश्न हस्ताक्षराचा व प्रयोजनाचा. दुसरा आशयाचा व चिन्हांचा. या दोहोंची गल्लत झाली, की एका जीर्ण पत्रावर साऱ्या ख्रिस्ती शिक्षणाचा इतिहास उभा राहतो.

ग्रेनफेल व हंट यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेला ऑक्सिऱ्हिंकस येथील २०९ क्रमांकाचा पपायरस या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यावर पौलाच्या रोमकरांस पत्राचा आरंभ मोठ्या, ओबडधोबड अक्षरांत लिहिलेला असून खाली जलद वळणाच्या लिपीत ऑरेलिऑस पाउलोस हे नाव व असंबद्ध मजकूर आहे. अक्षर व शुद्धलेखन पाहून संपादकांनी हा शाळकरी मुलाचा पाठ ठरविला. डाइसमान यांनी त्यास ताईत मानले.

यांपैकी शुद्धलेखनाचा पुरावा सर्वांत दुबळा होय. त्या काळी ‘एइ’ व ‘इ’, तसेच ‘आइ’ व ‘ए’ यांचे उच्चार एकरूप झाले होते. त्यामुळे त्यांची अदलाबदल प्रौढांच्या पत्रांतही पदोपदी आढळते. ती उच्चाराची साक्ष आहे, वयाची नव्हे. हस्ताक्षराची साक्ष अधिक बळकट आहे. राफाएला क्रिबिओरे यांनी १९९६ च्या ग्रंथात शालेय लेखनाची सूची करताना हातांची प्रतवारी लावली, ती याच कारणाने. तथापि अडखळते अक्षर म्हणजे बालकाचेच अक्षर नव्हे. दस्तऐवजांत ‘सावकाश लिहिणारा’ असा प्रौढांचा एक वर्गच उल्लेखिलेला आहे.

आशयाची कसोटी तर उलट दिशेनेही फसते. चौथ्या शतकातील बूरियाँ संग्रहातील शालेय वहीत शब्दांच्या याद्या, डायोजिनिसचे किस्से, मिनँडरची सुवचने व बाब्रिऑसची प्रस्तावना आहे. आशय सर्वस्वी अख्रिस्ती. परंतु पृष्ठांच्या माथ्यावर ख्रिस्ती चिन्ह आहे. म्हणजे विद्यार्थी ख्रिस्ती, पाठ मात्र परंपरागत. इ. स. ३६२ मध्ये जुलियन बादशहाने ख्रिस्ती शिक्षकांना जुने ग्रंथ शिकविण्यास प्रतिबंध केला, तोही ते हेच ग्रंथ शिकवीत होते म्हणूनच. केवळ बायबलातील उतारे वेचणाऱ्या सूचीतून अशी वही सहज निसटेल.

२०९ क्रमांकाचा पपायरस इ. स. ३१६ च्या एका करारनाम्यासह बांधलेला सापडला होता. या नोंदीचे मोल ओळखून आनमारी लाउएन्डाइक यांनी २०१० मध्ये तो लेओनिदेस नामक जवसाच्या धाग्याच्या व्यापाऱ्याच्या दप्तरातील असल्याचे दाखविले. लेखनाभ्यास हा निर्णय त्यांनीही राखला. परंतु त्या अभ्यासास आता एक घर व एक व्यवसाय लाभला. ईश्वर, ख्रिस्त आदी पवित्र नामे त्यात संक्षेपाने लिहिली आहेत. यावरून लिहिणारा ख्रिस्ती लेखनसंकेताशी परिचित होता, एवढे निश्चित म्हणता येते. स्वतंत्र ख्रिस्ती शाळा होती, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

सारांश, हात कोणत्या प्रतीचा, पाठ कोणता व पत्र कोणत्या कागदांसोबत सापडले, या तिन्हींचा निर्णय स्वतंत्रपणे नोंदवावा. तिन्ही जुळल्यानंतरच ‘ख्रिस्ती’ व ‘शालेय’ ही विशेषणे एकत्र लावणे न्याय्य ठरेल.